जरा फिरून येतो

३ जुलै, सकाळ
नवी वही. आमच्या मोलोकाई बेटावर मासे मारायला चाललो असं कुणी तोंडाने म्हणत नाही. माशांना ऐकू जातं. 'जरा फिरून येतो' म्हणायचं, आणि समोरच्यानेही खोदून विचारायचं नाही. वहीचा भरवसा नाही, म्हणून नाव एकदाच लिहितो: उलुआ, आमच्या समुद्रातला सगळ्यात दांडगा मासा. शंभर पौंडांच्या वरचा. यापुढे नुसतं 'तो'.
प्लॅन असा. २२ ऑगस्टला पुआलेईच्या भाचीचा पहिला वाढदिवस, सगळं गाव जेवायला. मी कयाकवरून एकट्याने 'तो' आणणार आणि पुआलेईच्या बाबांच्या, नाकोआकाकांच्या, पुढ्यात टाकणार. मग पुआलेईला मनातलं सांगणार. तोवर एक अक्षर नाही. हव्या त्या गोष्टीचं नाव घेतलं की ती निसटते.
कॉलेज अर्धवट सोडल्याचा विषय शंभर पौंडांखाली आपोआप दबेल.

९ जुलै
पहाटे धक्क्यावर शेजारच्या हात्सुएकाकू. सगळ्यांदेखत विचारलं, मासे मारायला का रे? संपलं. कयाक परत गाडीवर बांधून घरी. काकूंशी बोलणं बंद. कायमचं.

१५ जुलै
प्रवाळाच्या कड्यापलीकडे सहा तास. काही नाही. कारण सापडलं: डबा उघडला तर आईने केळं घातलेला केक दिलेला. होडीत केळं! याहून मोठा अपशकुन नाही. डबा पिशवीसकट समुद्रात भिरकावला. गाडीची किल्ली त्याच पिशवीत होती हे नंतर आठवलं. सहा मैल चालत आलो. आईला चांगलं सुनावलं. ती भांडी विसळत म्हणाली, "आणि कॉलेज सोडलंस तेव्हा कुठलं केळं होतं बरोबर?"
तिला समुद्रातलं कळत नाही.

२० जुलै
पुआलेई दुकानात भेटली. खांदे केवढे भाजलेत तुझे, म्हणाली. जरा फिरत असतो, म्हणालो. तिला ओरेगॉनच्या नर्सिंग कॉलेजचं पत्र आलंय. पाच ऑगस्टपर्यंत कळवायचंय. जाऊ की नको, तिने मला विचारलं. मला!
जीभ दातांखाली धरली. तुझं तू बघ, म्हणालो. एवढा संयम माझ्यात असेल असं वाटलं नव्हतं.

२ ऑगस्ट, दुपार
लागला!! 'तो'च. चाळीस मिनिटं कयाकसकट मला ओढत होता. मग दोरी प्रवाळावर घासून तुटली. संतापाच्या भरात रॉड फेकला. रॉड दादाचा होता. वल्हंही फेकलं. वल्हं माझंच होतं, पण परत यायला लागलं असतं.
हातांनी पाणी मारत असताना नाकोआकाका मोटरबोट घेऊन आले. दोर बांधून ओढत आणलं. वाटेत एकच वाक्य बोलले, "फिरून आलास?" हो म्हणालो. माणूस इंप्रेस झालाय.

५ ऑगस्ट
पुआलेई घरी आली. पायरीवर बसली, माझ्या खांद्यावरची सालं काढत होती.
"तुला काही म्हणायचंय?"
"बावीस तारखेला."
"आज शेवटचा दिवस आहे रे."
"बावीसलाच."
उठून गेली. वळून पाहिलं नाही. तिला कळलं असणार.

२१ ऑगस्ट
उसन्या वल्ह्याने, उसन्या रॉडने, नऊ तास. एक लागला. 'त्या'चं पिल्लू. तळहाताएवढं. घरी आणलं. सुरुवात म्हणून वाईट नाही.

२२ ऑगस्ट
मांडवात शिरलो तर गर्दी. मधोमध केळीच्या पानांवर 'तो'. एकशे बारा पौंड. पुआलेईच्या तुतूने, म्हणजे आजीने, पकडला. वय एक्याऐंशी. धक्क्यावर खुर्ची टाकून बसली होती, गुडघे शेकायला. ओढायला चौघे लागले म्हणे, पण रॉड तिने सोडला नाही.
माझं पिल्लू पिशवीतून बाहेर काढलं नाही. पुआलेई ताटं वाढता वाढता दोनदा माझ्याजवळ थांबली. आज बावीस आहे, म्हणाली. पण ठरलं होतं ते असं नाही. आधी 'तो', मग बोलणं. मी भात मागितला.

२५ ऑगस्ट
पुआलेईला निरोप द्यायला विमानतळावर. नऊ सीटचं विमान. गळ्यात एवढे फुलांचे हार की तिची हनुवटी दिसत नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कुठे निघालीस?
तिने हार खाली सारून हनुवटी मोकळी केली. मग म्हणाली, "जरा फिरून येते."
पुढे विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.
परतताना हात्सुएकाकूंनी गाडीत घेतलं. दीड महिन्याने बोललो. काकूंनी विचारलं, उद्या मासे मारायला का रे?
म्हणालो, हो काकू. मासे मारायला.