रेकॉर्डखोलीच्या दारामागचा हात

प्रति,
मे. उपअभियंता साहेब,
सरकारी बांधकाम खाते, कासारखेडे,
जिल्हा पूर्व खानदेश.

विषय : जुन्या कोर्टाच्या मागल्या पडवीतील वीतभर गिलावा राखण्याबाबत.
संदर्भ : माझे आधीचे दोन अर्ज (उत्तर नाही) व आपल्या कचेरीतील तोंडी नकार.

महोदय,

१. मी लोटन उखर्डू गवंडी, वय ५४, मराठी चौथी पास. अर्ज मीच लिहिला आहे. कोर्टाबाहेरचे अर्जनवीस म्हणाले, ही मागणी कोणत्या कलमात बसते ते त्यांना सापडत नाही.

२. सदर कोर्ट सन १९२३ साली बांधले. त्याआधी कोर्ट गढीच्या पागेत भरत असे. जोते काळ्या दगडाचे, पडवीला नऊ कमानी, छपराला सातपुड्यातला साग. चुना बैलाच्या घाण्यावर मळून त्यात गूळ व हिरड्याचे पाणी घातले होते. पाचव्या कमानीपासून मागल्या टोकापर्यंतचा गिलावा माझा आहे. चुन्याची घमेली माझी बायको सुगंधाबाई हिने डोक्यावरून वाहिली.

३. आमच्या गवंड्यांत चाल आहे, की गिलाव्यावर शेवटचा हात गवंड्याचा नसतो. जिने चुना वाहिला तिने ओल्या भिंतीवर पंजा उमटवायचा. त्याशिवाय काम पुरे झाले असे आम्ही मानत नाही. तेव्हाच्या साहेबांनी सरकारी भिंतीवर हात नको म्हणून सांगितले होते. सुगंधाबाईने रेकॉर्डखोलीच्या दाराशेजारी उजवा पंजा उमटवला. साहेबांनी मला त्यावर थापी फिरवून तो पुसायला सांगितले. मी थापी फिरवली नाही. दार बाहेर उघडून भिंतीला टेकवले व आकडा लावला. ते दार दिवसभर उघडे असते, म्हणून हात कोणाला दिसला नाही. दर दिवाळीला चुना मीच मारीत असे. तेवढी जागा सोडून मारीत असे.

४. सुगंधाबाई गेल्या मार्गशीर्षात तापाने वारली. आम्हांला मूलबाळ नाही. तिचा फोटो काढलेला नाही. बाजाराला जाताना कोर्टावरून गेलो की ती म्हणायची, "मना हात शे तठे, जपी ऱ्हायनात ना?" मी हो म्हणायचो.

५. आता जुना गिलावा काढून सिमेंटचा करण्याचा हुकूम आहे. मी कोर्टात विचारले. ते म्हणाले, दार आमचे, भिंत बांधकाम खात्याची. आपल्या कचेरीत विचारले. तेथे नकाशा काढून दाखवला, की त्यात हात नाही. नकाशात नाही ते राखता येत नाही. काढण्याचाही वेगळा हुकूम लागत नाही, ते भिंतीबरोबर जाईल, असे सांगितले.

६. मग आपल्या कारकुनांनी हात तिचाच कशावरून म्हणून विचारले व तिच्या अंगठ्याचा एखादा कागद आणायला सांगितले. कोर्टाचे बेलीफ कामाने आले होते, ते शेजारी उभे होते. ते म्हणाले, "आबा, मयताच्या नावे समन्स काढू का?" सगळे हसले. सुगंधाबाई कधी कोणत्या दाव्यात नव्हती, साक्षीला नव्हती, तिच्या नावावर जमीन नव्हती. तिचा अंगठा उमटला तो त्या भिंतीवरच. करंगळी वाकडी आहे, लहानपणी जात्यात सापडली होती. याहून दुसरा पुरावा मजजवळ नाही.

७. तुकडा कापून घरी नेऊ द्या असेही मी विचारले होते. ते मागणे मी मागे घेतो. शेजारचा गिलावा छिन्नीने उचलून पाहिला, हातात भुगा झाला.

८. येत्या सोमवारपासून मागल्या पडवीचे काम आहे. मुकादम झुलाल यांनी ती भिंत मला दिली आहे. दुसरा गवंडी द्या म्हटले तर ते म्हणतात, तिथला चुना तुझ्याइतका कोणाला माहीत नाही. तरी साहेबांना विनंती, की तेवढी वीतभर जागा सोडण्याचा हुकूम व्हावा.

९. असा हुकूम देता येत नसेल तर लेखी काही देऊ नये. मी बाकीची सगळी भिंत नीट करीन, त्या जागेला हात लावणार नाही, व दार उघडून आकडा लावून ठेवीन. काम झाल्यावर आपण काठीने भिंत ठोकीत तपासता, हे मला माहीत आहे. लपवून करायचे माझ्याने आता होत नाही, म्हणून आधी कळवतो. आपण रेकॉर्डखोलीपर्यंत याल तेव्हा ते दार ओढू नये, एवढेच मागतो.

आपल्या हजेरीपटावरील गवंडी,
लोटन उखर्डू
(सही)

कासारखेडे, ता. ९ मार्च १९५६

सोबत : पंजाच्या मापाची सुतळी, नग एक. करंगळीच्या जागी गाठ मारली आहे. पाहून झाल्यावर परत मिळावी.