डिझेल-विजेचा ट्रक जिवंत असल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य वाहन तपासणी अधिकारी,
अवजड वाहन विभाग,
खाणरस्ता तपासणी केंद्र.

विषय : डिझेल व वीज अशा दोन्हींवर चालणारा माझा सोळा चाकी ट्रक निकामी ठरवून मोडीत काढण्याचा हुकूम रद्द होणेबाबत व फेरतपासणी होणेबाबत.

संदर्भ : १) तपासणी शेरा क्रमांक एक. २) तपासणी शेरा क्रमांक दोन (पहिल्याच्या बरोबर उलट). ३) माझे यापूर्वीचे चार अर्ज. त्यांची पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही.

महोदय,

खाली सही करणारा अर्जदार आपल्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून सविनय कळवितो की,

१. मी एकतीस वर्षे अवजड माल वाहतो. डोंगरावरच्या खाणीतून दगडाच्या लाद्या खाली आणणे हे माझे काम. आधीची गाडी निव्वळ डिझेलची होती. ती विकून दोन वर्षांपूर्वी ही घेतली. हिच्यात डिझेलचे इंजिन फक्त वीज तयार करते आणि चाके विजेच्या मोटारी फिरवतात. बॅटरी भरली की इंजिन आपणहून थांबते, उतरली की आपणहून सुरू होते. भरल्या गाडीने उतार उतरताना तर चाकेच बॅटरी भरतात. हे मी आपल्या कार्यालयात आजवर नऊ जणांना समजावून सांगितले आहे. सर्वांनी मान डोलावली.

२. माझी पत्नी जुन्या गाडीत कधी बसली नाही. त्या धडधडीने तिचे डोके उठायचे. नवी गाडी आल्यावर ती एकदा गंमत म्हणून आली आणि मग रोजच येऊ लागली. लग्नाला सव्वीस वर्षे झाली, पण आम्ही निवांत बोललो ते या दोन वर्षांत, या गाडीत. गाडी मागे घेताना तीच खाली उतरून पत्र्यावर थाप मारते : एक थाप म्हणजे येऊ दे, दोन म्हणजे थांब. या बाबीचा तपासणीशी संबंध नाही, याची मला जाणीव आहे. तरी माझे नेमके काय जाते आहे ते आपणांस कळावे म्हणून लिहिले.

३. वार्षिक तपासणीस मी नेहमीप्रमाणे माल घेऊन डोंगर उतरून आलो. साहजिकच बॅटरी काठोकाठ भरलेली होती व इंजिन शांत होते. तपासनीस साहेबांनी बॉनेटवर हात ठेवला, कान लावला आणि इंजिन चालू होत नसल्याचे लिहिले. मी त्यांना विनंती केली की, साहेब, गाडी चालते, दाखवतो. त्यावर ते म्हणाले, “दाखव की मग.” मी दाखवली. साहेब त्या वेळी गाडीच्या पुढ्यात उभे होते आणि आवाज अजिबात न झाल्याने त्यांना बाजूला उडी मारावी लागली. त्यांची कागदांची फाईल चिखलात पडली. त्यांनी शेऱ्यात भर घातली : “इंजिन बंद असताना गाडी पुढे सरकते, सबब ब्रेकही निकामी.” साहेबांना घाम फुटला होता. मला इतकी शरम वाटली की न वाचताच मी त्या कागदावर सही केली. ही चूक माझी आहे.

४. माझ्या हरकतीवरून असे ठरले की, मंगळवारी अकरा वाजता साहेबांसमोर इंजिन चालू करून दाखवावे. त्यासाठी बॅटरी उतरवणे भाग होते. आम्ही दोघांनी दोन दिवस आपल्या आवारात गाडीचे दिवे, पंखा, वायपर आणि हॉर्न चालू ठेवले. हॉर्नबाबत पहारेकऱ्यांनी तक्रार केल्याने तो बंद केला, अन्यथा वेळ जमली असती. मंगळवारी साडेअकराला इंजिन सुरू झाले. तेव्हा गाडीत कोणी नव्हते. बॅटरी उतरत आलेली पाहून आम्ही साहेबांना बोलवायला धावलो होतो. साहेब बैठकीत होते. ते साडेबाराला आले तोवर बॅटरी भरून इंजिन थांबले होते. मात्र पहारेकऱ्यांनी आपला जबाब दिलेला होता. शेरा क्रमांक दोन असा आहे : “सदर वाहन चालक नसताना सुरू होते व चालक असताना सुरू होत नाही. जनतेस धोकादायक. मोडीत काढावे.” गाडीची किल्ली त्याच दिवशी साहेबांच्या कपाटात गेली.

५. तरी साहेबांनी फक्त एकदा माझ्यासोबत बसून खाणीपर्यंत यावे. चढ सुरू झाला की थोड्याच वेळात इंजिन चालू होईल. त्यांनी हवे तर कानात बोटे घालावीत. निकामी गाडीतून प्रवास करण्यास नियमात मनाई असल्याचे मला सांगण्यात आले आहे. आता पुढे काय करावे ते मला खरोखरच सुचत नाही.

६. वरील मजकूर लिहून होतो तोच आपल्या शिपायांनी सांगितले की, गाडी कापणारा कारागीर पुढच्या महिन्याऐवजी उद्या सकाळी नऊलाच येणार आहे. तो समोरच्या टपरीवर चहा घेत होता, त्याला मी भेटलो. माणूस भला आहे. “दादा, मी मेलेल्याच गाड्या कापतो, वीस वर्षं झाली,” असे तो म्हणाला. सुरुवात कुठून करतो म्हणून विचारले. तो म्हणाला, “केबिनच्या खालून. जाड तांब्याची केबल असते ना, ती आधी.”

महोदय, त्याच केबलमध्ये बॅटरीची वीज आहे. बॅटरी भरलेली आहे. तो जागच्या जागी मरेल. मी त्याला तसे सांगितले, तर त्याने खिशातून आपला कागद काढून दाखवला. त्यावर आपल्या सहीशिक्क्यानिशी “निकामी” लिहिले आहे. दोन लहान मुलींचा बाप आहे तो, आणि सरकारी कागदावर त्याचा विश्वास आहे.

७. सबब विषयात लिहिलेली विनंती मी मागे घेतो. गाडी कापावी. फक्त त्याआधी मला दहा मिनिटे आवारात सोडावे. चालकाच्या आसनामागे एक नारिंगी खटका आहे. तो ओढला आणि दहा मिनिटे थांबले की केबलमधली वीज तुटते. याला किल्ली लागत नाही. खिडकीवर चौकशी केली असता, निकामी वाहनाची वीज तोडण्याची परवानगी देण्याचा नमुनाच नाही, साधा अर्ज करा, पंधरा दिवसांत निर्णय होईल, असे कळले. तो साधा अर्ज म्हणजे हाच.

८. परवानगी आली नाही तर उद्या सकाळी आठ वाजता मी मागच्या भिंतीवरून आवारात उतरेन. माझे वय सत्तावन्न असल्याने पत्नी खालून आधार देईल. खटका मी ओढेन. तिने कशालाही हात लावलेला नसेल. हा गुन्हा होत असल्यास वेगळा जबाब घेण्याची तसदी घेऊ नये, हाच माझा कबुलीजबाब समजावा. कारागिराला मात्र साडेआठपर्यंत तरी चहाच्या टपरीवर थांबवून ठेवावे, एवढी कृपा करावी.

आपला नम्र व उद्याचा आरोपी,
(सही)
अवजड वाहन चालक व मालक

दिनांक : आजचा. वेळ : खिडकी बंद होण्यास चार मिनिटे.

सोबत :
१) दोन्ही शेऱ्यांच्या प्रती.
२) नारिंगी खटका कुठे आहे ते दाखवणारे चित्र. पत्नीने काढले आहे. याची एक प्रत कारागिरास दिली आहे. त्याने ती घडी घालून आपल्या सरकारी कागदाच्या आत ठेवली.