चौदावा प्रश्न

३ फेब्रुवारी, मंगळवार

सुवर्णामावशीची घरभाड्याची मदत बंद! पत्र आज आलं. २८ फेब्रुवारीपर्यंत मुदत. त्यानंतर पूर्ण भाडं स्वतः भरा, नाहीतर घर सोडा.

कारण एका ओळीत – 'मुलगा सपोर्ट करतो, असं अर्जदाराने स्वतः नमूद केलं आहे.'

मावशी नात्यातली नाही, साऱ्या मंडळाची मावशी; एकोणऐंशी वर्षांची. काका जाऊन बारा वर्षं झाली. शाळेच्या कॅफेटेरियात अकरा वर्षं उभं राहून काम केलं, त्याची पेन्शन किराणा आणि औषधांत संपते. मुलगा निमिष इथेच अमेरिकेत, बेलव्ह्यूला. गेल्या मे महिन्यात त्याचा ले-ऑफ झाला, अजून काही मिळालेलं नाही. साऱ्या मराठी मंडळाला हे माहीत आहे. काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्हा सरकारला, तेवढं माहीत नाही.

फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकवलं. मग एक मुलगी म्हणाली, काही शंका असल्यास अपील करा. शंका कसली? म्हातारीचं घर चाललंय!

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी चहालाच उल्हासशी वाजलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी ह्या माणसाला वाद घालायला पहिला चहा पुरतो.

जानेवारीपासून घरभाड्याच्या मदतीचा कारभार केंद्राने राज्याकडे दिला. राज्याने तो काउंट्यांच्या गळ्यात मारला. एकरकमी पैसे घ्या, नियम तुमचे तुम्ही करा, उरतील ते ठेवा. उरतील ते ठेवा! मग 'नाही' म्हणण्यात कोणाचा फायदा, हे कळायला चौतीस वर्षं वार्ताहर असावं लागत नाही.

उल्हासचं म्हणणं, वॉशिंग्टनला बसून गल्लीतलं काय कळणार, जवळचं सरकार केव्हाही बरं. मी म्हटलं, जवळचं म्हणजे किती जवळ? आपल्या इथलं ऑफिस बंद केलं. आता अठ्ठावीस मैल जायचं, आणि ते मंगळवारी आणि गुरुवारीच उघडं. मावशी गाडी चालवत नाही.

त्यावर त्याने माझंच जुनं संपादकीय काढलं. निर्णय स्थानिक पातळीवर व्हावेत, असं मीच लिहिलं होतं म्हणे. लिहिलं होतं. दोन्ही बाजू मांडून, सातशे शब्दांत, वेळेच्या आधी. त्या निर्णयांवर मला कुठे जगायचं होतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

मावशीकडे गेले. आधी उकडपेंडी खायला लावली, मग फॉर्म काढला.

मराठी फॉर्म. इंग्रजीवरून मीच केलेला. डिसेंबरात काउंटीने मंडळाला विचारलं, तीन दिवसांत हवा म्हणून. मशीनकडून करून घेतला असता तर काय वाचावं लागलं असतं देव जाणे. मी अडीच दिवसांत दिला.

चौदाव्या प्रश्नापुढे 'हो'वर खूण. खाली स्वच्छ अक्षरात – चिरंजीव निमिष.

माझा आवाज चढला. हे कशाला लिहिलंस?

"मुलगा असताना नाही कसं लिहू? परक्या माणसापुढे?"

परका माणूस नाही मावशी, सरकार आहे ते.

"तेच म्हणतेय. परकंच."

आणि वर मला आणखी उकडपेंडी वाढली. इतका राग आला की सगळी खाल्ली.

८ फेब्रुवारी, रविवार

निमिषला फोन केला. बेचाळीस वर्षांचा आहे, पण बोलताना बारावीतल्या पोरासारखा वाटला. "काकू, मी लिहून देतो ना. आय डोन्ट सपोर्ट माय मदर. ट्रूच आहे ना यार ते." मग म्हणाला, फक्त आईला दाखवू नका.

दाखवल्याशिवाय कसं होणार? मुलाच्या पत्राखाली अर्जदाराची सही लागते. काउंटीचा नवा नियम. आईने वाचून खाली सही करायची, की हो, हा मला सपोर्ट करत नाही. हा नियम करणाऱ्याला आई नसावी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मावशीने सही केली नाही.

पत्र दोनदा वाचलं. इंग्रजी तिला पुरेसं येतं. मग विचारलं, हे फायलीत राहणार का? राहणार म्हटलं. किती वर्षं? ते मला माहीत नव्हतं. पत्राची घडी घालून तिने माझ्याच पर्समध्ये ठेवलं.

मी ओरडले. खरंच ओरडले! पोरगा स्वतः लिहून देतोय, तुला काय अडचण आहे, एक मार्चला काय रस्त्यावर राहणार आहेस का?

"तुझ्याकडे राहीन की."

चार बेडरूमचं घर आहे आमचं. दोघंच राहतो. आणि मी पर्सची चेन लावायला घेतली. मावशी हसली आणि म्हणाली, घाबरू नकोस, थट्टा केली.

येताना सगळा रस्ता काउंटीला शिव्या दिल्या. तिथे शिव्या देणं सोपं होतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

टीव्हीवर राज्याची जाहिरात – 'मदत आता तुमच्या दारात.' बंद केला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

अपील लिहायला बसले. मूळ इंग्रजी फॉर्म शेजारी ठेवला. नवव्या पानावर बारीक अक्षरात दिलंय, सपोर्ट म्हणजे भाडं आणि रोजचा खर्च यासाठी नियमित पैसे देणं.

आणि मी मराठीत काय लिहिलं? 'तुम्हाला कोणी सांभाळतं का?'

आठवतंय मला. आधी 'आर्थिक आधार' लिहिलं होतं. जड वाटलं. म्हाताऱ्या माणसांना कळेल असं हवं म्हणून खोडून 'सांभाळतं' केलं, आणि स्वतःवर खूष झाले. नववं पान तर मराठीत केलंच नाही. ते फॉर्मचा भाग नाही, असं काउंटीने सांगितलं होतं.

सांभाळतं का! कुठल्या मराठी आईला हे विचारायचं आणि ती काय म्हणणार? माझी आई शेवटपर्यंत सांगायची, दादा सांभाळतो. दादाला मनीऑर्डर तीच करायची.

मंडळाची सेक्रेटरी चैत्राली हिला फोन केला. मराठी फॉर्म भरून गेले नऊ. तिने विचारून सांगितलं, सहा जणांनी 'हो' म्हटलंय. सहाही जणांना पत्रं आली आहेत.

दहा दिवस जगाला शिव्या देतेय. या सहा जणांचं पाप तर माझंच. पण काउंटीनेही एकाला उलटून विचारलं नाही, की बाई, पोरगा म्हणजे नेमकं काय करतो? ऐंशीच्या घरातल्या माणसाचा कागद, आणि एक फोन नाही! त्यांना 'हो' हवंच होतं. मी ते त्यांना सोप्या मराठीत आणून दिलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

निवेदन तयार केलं. भाषांतराची चूक माझी, अर्जदारांची नाही. उल्हासने वाचलं. एरवी चार दुरुस्त्या सुचवतो, आज एकही नाही. इतकंच म्हणाला, उद्या हेच कोलीत घेऊन ते मराठी फॉर्मच बंद करतील.

करू देत. पाठवलं. आता मुलाचं पत्रही नको, मावशीची सहीही नको. माझी पुरे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सुनावणी झाली. अठ्ठावीस मैल, वर बर्फ. खोलीत एक टेबल, पाण्याची बाटली, आणि सुनावणी घेणारी बाई. माझ्याच वयाची असेल. थकलेली दिसली. तिच्यावर चिडायचं ठरवून गेले होते, ते नीट जमेना.

हात वर करून शपथ घेतली. सांगितलं की शब्द चुकला. मराठीत 'सांभाळणं' म्हणजे मायेने बघणं, विचारपूस करणं. त्यात पैसे येतीलच असं नाही. सुवर्णाबाईंनी जे वाचलं त्याचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं. तो प्रश्न पैशांचा आहे, हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं. इतकं ठामपणे मी कधी छापलंही नसेल.

बाईने लिहून घेतलं. मग फोनवरच्या दुभाष्यामार्फत मावशीला सरळ विचारलं, मुलगा दरमहा भाड्याचे पैसे देतो का?

मावशीने माझ्याकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल गं, बोल.

"नाही," ती म्हणाली. "देत नाही."

दुभाष्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगायला लावलं! पुन्हा सांगितलं.

निकाल जागच्या जागी. मदत चालू राहील. बाकीचे पाच अर्जही पुन्हा बघणार. चौदावा प्रश्न मी सुधारून द्यायचा, तीन दिवसांत.

घरी आल्यावर उल्हास म्हणाला, वॉशिंग्टनला वर्ष लागलं असतं. खरं आहे. म्हणून जास्तच राग आला. एका बाईने समोर बसवून एक प्रश्न विचारला की पाच मिनिटांत सुटतं, तर आधी पत्र कशाला? आधी विचारायला काय झालं होतं?

२५ फेब्रुवारी, बुधवार

मावशीला डॉक्टरकडे नेलं. गाडीत म्हटलं, माझ्या एका शब्दाने तुला तीन आठवडे त्रास झाला, माफ कर. ती खिडकीबाहेर बघत होती.

"तुझा शब्द बरोबर होता सुचित्रा. मला कळलं होतं काय विचारलंय ते. भाडं कोण भरतं, असं लिहिलं असतंस तरी मी त्याचंच नाव घातलं असतं."

काल मी हात वर करून शपथेवर सांगितलं, की तिला कळणं शक्यच नव्हतं.