पेंटरचे ब्रश

दि. ४

चि. पेंटरबुवांस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुला व्यसनमुक्ती केंद्रात सोडून आले त्याला आज बारा दिवस झाले. पत्र नाही, निरोप नाही. तिथे शाईसुद्धा बंद केली की काय?

माझं शिलाईचं दुकान बरं चाललंय. तुझी चिमणी वेळेवर शाळेत जाते. बाबा परगावी मोठ्या पाट्या रंगवायला गेलाय, असं तिला सांगितलंय. तिच्या शाळेच्या मोठ्या बाई फाटकावरच्या नावाबद्दल विचारत होत्या. अर्धंच रंगवून ठेवलंयस ना! त्यांना म्हटलं, कावीळ झालीय. आता महिनाभर चिंता नाही. तू बरा हो, बाकीचं मी निभावते.

लोभ आहेच, तो टिकवायचं काम तुझं.
ताई

दि. ९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. अक्षर बघून हसू नकोस. पहिल्या आठवड्यात चहाचा कप दोन हातांनी धरत होतो. आता एका हाताने धरतो.

इथल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, आजवर कोणकोणते आजार झाले? मी आठवत बसलो. कावीळ, लचक, विषमज्वर, दोनदा मलेरिया. सगळे तूच लोकांना सांगितलेले, मला झाला एकही नव्हता. ताई, तू माझ्यासाठी खोटं बोलायचीस आणि मी त्याच्या आडोशाला बसून प्यायचो. मोठ्या बाईंना खरं सांग. काम गेलं तर जाऊ दे.

माया असू दे, पांघरूण मात्र नको.
तुझा पेंटर

दि. १४

चि. पेंटरबुवांस,
आशीर्वाद. वि. वि. पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. करावं भलं आणि ऐकून घ्यावं मीच! दोन दिवस उलट्या बाह्या जोडत बसले. मग गेले शाळेत. तोंड उघडायच्या आतच रडू फुटलं. बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, मला ठाऊक होतं, काविळीचा माणूस शिडीवर डुलत नाही. काम दुसऱ्या कुणाला देणार नाहीत. पण वास आला तर फाटकातूनच परत.

चिमणीला मात्र काही बोलले नाही. नऊ वर्षांचं पोर ते. तेवढं एक खोटं राहू दे.

रागावलेय, तरी लोभ तसाच आहे.
ताई

दि. १८

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. मी पाट्या रंगवायला गेलेलो नाही. मी खूप दारू प्यायचो, ती सोडवायला इथे आलोय. तुझ्या शाळेचं नाव त्यामुळेच अर्धं राहिलं. पंचवीस तारखेला सुटका आहे. पुन्हा कधीच पिणार नाही, असं वचन आज द्यायचं धाडस होत नाही. आज प्यायलो नाही, एवढं खरं. आत्यावर रागावू नकोस. मी घरी आलेलं तुला चालेल का, तेवढं कळव.

तुझा बाबा

दि. २१

ती. बाबास,
शि. सा. न. मला माहीत होतं. पाट्या रंगवायला गेलेला माणूस ब्रश घरी ठेवून जातो का? सगळे पलंगाखालच्या डब्यात आहेत. आत्याला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही.

दर रविवारी मी ब्रशांना तेल लावते, कडक होऊ नयेत म्हणून. तू लावायचास तसंच. मला तुझा राग आलाय, थोडा अजून आहे. तरी ये.

शिलाई मशीनचं तेल इतक्यात कसं संपतं, असं आत्या विचारते. मी माहीत नाही म्हणते. तू आलास की आपण दोघं मिळून तिला खरं सांगू.

तुझी चिमणी