सरजाआक्काचं प्रार्थनाघर

जिंतूर, ४ ऑगस्ट १९७८

ती. सरजाआक्कास,
शांतवनाचा सा. सलाम. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत, पण चित्त थाऱ्यावर नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यापासून रोज कुठली तरी वस्ती जाळल्याची बातमी येते. एसटी सुरू झाली की पहिल्या गाडीनं निघून ये. भावजींच्या माघारी त्या गावात तुझं कोण आहे? प्रार्थनाघराला कुलूप घाल. तुझी भावजय तुझ्या शिस्तीला भिते, तरीही रोज वाट बघते, यावरून काय ते समज.

प्रार्थनेत आठवण असावी.
तुझा शांतवन

वाघदरी, पालमजवळ, ९ ऑगस्ट १९७८

चि. शांतवनास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

कुलूप घालता येत न्हाई, आत माणसं हायेत. खालच्या वस्तीतली घरं जाळली. कडूबाई, तिच्या सुना, लेकरं, समदी मी प्रार्थनाघरात आणलीत. बाकं बाहेर काढली, मागच्या भिंतीला चुली मांडल्या.

काल गावचे व्यंकटराव आले. लय गोड बोलले. म्हणले, बाई, तुमी किरिस्ताव, तुमचं यात काय काम? ह्यांना काढा, तुमच्या केसालाही धक्का लागणार न्हाई. मी म्हणले, घर माझं असतं तर इचार केला असता. ज्याचं हाय, तो कुणाला हाकलीत न्हाई. अन् कडूबाईची आजी नि माझी आजी एकाच वस्तीतल्या, ते मी कशी इसरू?

ते गेल्यावर मी दाराची कडी तीनदा चाचपली. खोटं कशाला लिहू? मग डोळे मिटले, आणि पाठीशी कुणी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. माझं इथं कोण हाय म्हणून इचारलंस ना? हाय.

लेकरांना मुके.
तुझी आक्का

वाघदरी, १३ ऑगस्ट १९७८

चि. शांतवनास,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्याकडून ऐकण्याआधी मीच लिहिते. शुक्रवारी दुपारी गावातला जमाव आला, काठ्या आणि घासलेटचे डबे घेऊन. मी दारातच बसले होते. म्होरं मुंजाजी होता. लहानपणी त्याला गोवर आला, तवा मीच उशाशी बसले होते. मी नावानं हाक मारली. म्हणले, मुंजाजी, आत यायचं तर चपला काढून ये, प्रार्थना चाललीय.

तो आपल्या पायाकडं बघतच राहिला. मागचे थबकले. मग सगळे फिरले, आणि जाता जाता शेजारचं माझं घर पेटवलं. तुझ्या भावजींचा कोट गेला, जातं तेवढं राहिलं. माणूस एकही गेलं न्हाई. काल सकाळी पोलीस आले. आता फिकीर करू नको.

तुझी आक्का

जिंतूर, १९ ऑगस्ट १९७८

ती. आक्कास,
सा. सलाम.

पत्र वाचून तुझी भावजय रडली, मी रागावलो. तू म्हणतेस तो पाठीशी होता. मग तुझं घर का जळलं? याचं उत्तर दे. मी येतोय, पण न्यायला नाही. पत्रे आणि बिजागऱ्या घेऊन येतो. तू ऐकणार नाहीस हे मला कळलंय.

लोभ आहेच, तो असाच धरून ठेव.
शांतवन

वाघदरी, २२ ऑक्टोबर १९७८

चि. शांतवनास,
आक्काचे आशीर्वाद.

तू बसवलेलं दार नीट लागतं, थोडं कुरकुरतं, तुझ्यासारखंच. कडूबाईच्या घरावर अजून छप्पर न्हाई, म्हणून ती माझ्याकडंच हाय.

घर का जळलं, ते मला ठाऊक न्हाई. ठाऊक हाय ते एवढंच लिहिते. परवा मुंजाजी बैलगाडीत लाकडं घेऊन आला. ओसरीजवळ उतरवली आणि खाली मान घालून उभा राहिला. मी चहा केला, पण कप पुढं करायला हात उठेना. शांतवना, दारात बसायला इतकं बळ लागलं नव्हतं. मनात म्हणले, प्रभू, हे माझ्याच्यानं होत न्हाई, तूच कर. मग हात पुढं गेला. मुंजाजीनं कप घेतला आणि तिथंच खाली बसून रडला. म्हणला, ही लाकडं कडूबाईच्या छपराला आणलीत.

कडूबाई आतून बघायली होती. ती बाहेर आली न्हाई. मीही तिला बोलावलं न्हाई. तिचं घर जाळणाऱ्याला माफ कर म्हणणारी मी कोण? मुंजाजी गेल्यावर आत जाऊन तिच्याजवळ बसले. तिनं इचारलं, लाकडं सागाची हायेत का बाभळीची? मी म्हणले, सागाची. ती उठली, आणि हात लावून बघायला बाहेर गेली.

नाताळाला सगळे या. तोवर त्याच्या कृपेत राहा.
तुझी आक्का