जिन्यात मला कोण दिसलं?

ता. ९, रविवार

चि. ढब्बूस,

आत्याचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतोय, पण त्याला दुसरा उद्योग तरी काय? तुझा खोकला गेला का?

काल तुझ्या मालिकेचा शेवटचा भाग पाहिला आणि डोक्यात तिडीकच गेली. घरमालकाचा खून वकिलाने केला, बरं. पण जिन्यातला बल्ब गेला म्हणून नवा आणायला पाठवलेला वॉचमन कुठे आहे? अजून दुकानातच? आणि मेलेल्या माणसाचा पोपट? त्याला दाणे कोण घालतंय? माणसं घरात आणायची, खुर्चीवर बसवायची आणि आपण मागच्या दाराने पसार व्हायचं, ही कुठली रीत रे?

आणि मी! तुझ्या मालिकेतली समोरच्या घरातली शेजारीण. दार उघडून इन्स्पेक्टरला म्हणते, "साहेब, त्या संध्याकाळी जिन्यात मी कुणाला तरी पाहिलं. आत या, सांगते." तो आत येतो, दार लागतं, जाहिराती सुरू. जाहिराती संपतात तर साहेब थेट रस्त्यावर. मी काय सांगितलं ते कुणालाच कळत नाही. पुढे मी दिसतसुद्धा नाही.

निस्तरायचं मात्र मी. इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा हातात देईना. "आधी सांगा, जिन्यात कोण होतं?"

"लेखकाला विचार," म्हटलं.

"लेखक तुमचाच भाचा ना?"

गठ्ठा ओढून घेतला आणि आत आले, कपाळ माझं!

तुला फोनवर विचारलं तर म्हणालास, "आत्या, अगं गोष्टीनं वेगळंच वळण घेतलं." डोंबलाचं वळण. तुला मी लहानाचा मोठा केलाय. थाप मारताना तू नाकाचा शेंडा चोळतोस, ते मला फोनवरही दिसतं.

आतला प्रवेश आपण केला होता, ढब्बू. स्टुडिओतलं ते खोटं स्वयंपाकघर, पाणी नसलेला नळ. माझी चारच वाक्यं होती. मी अडखळले, पुन्हा अडखळले, आणि मग इन्स्पेक्टरकडे बघून म्हणाले, "ढब्बू, बूट बाहेर काढ, आत्ताच फरशी पुसलीय." सगळे हसले. मुद्दाम केल्यासारखं दाखवत मीही हसले. फक्त तू पडद्यामागून बाहेर आला नाहीस. मला घरी सोडताना गाडीत सगळा वेळ रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत होतास.

डॉक्टरीणबाईंकडे मी जाऊन आले, एकटीच. विसरण्याचा आजार आहे, म्हणाल्या, हळूहळू वाढत जाईल. भीती वाटते रे. स्वयंपाकघरात जाते आणि कशाला आले तेच सुचत नाही. पण त्याहून जास्त संताप तुझ्या गुळमुळीत बोलण्याचा येतो. जन्मभर नाटकात कामं केली. भूमिका काढून घ्यायची असेल तर समोर बसून सांगतात. तू मला त्या वॉचमनसारखं बल्ब आणायला पाठवलंस आणि दार लावून घेतलंस.

मालिकेचं पुढचं पर्व लिहायला घेतलंयस म्हणे. त्यात शेजारणीला एक प्रवेश दे. वाक्यं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिही आणि कॅमेऱ्याशेजारी फळा धरून तूच उभा राहा. इन्स्पेक्टरला मी पुन्हा ढब्बू म्हटलं तर म्हणू दे. शेजारणीला भाचा नसतो की काय?

आणि लवकर लिही. जिन्यात वकीलच होता. त्याच्या हातात बल्ब होता, वॉचमनला दुकानात धाडायला त्यानेच काढला होता, म्हणून तर जिन्यात अंधार होता. बघ, तुझा वॉचमनही सुटला. आज मला हे सगळं लख्ख आठवतंय. पुढच्या महिन्याचं मी सांगत नाही.

दाराची कडी काढून बसलेली,
तुझी आत्या

ता. क. येशील तेव्हा बूट बाहेर काढ. हे मी तुलाच म्हणतेय.