नऊ नंबरची काच

३ जून, सकाळी

वही मिळाली. नातीच्या शाळेतली आहे, एका बाजूची पानं कोरी. चौथी शिकलेल्या बाईला एक बाजू पुष्कळ झाली. कुणी वाचायचं नाही, मीच लिहायचं.

आनंदाची बातमी आधी. आमच्या चिमटीचा मायक्रोस्कोप घरी आला! चिमटी म्हणजे माझी नात. लहानपणी चिमटे काढायची, आता चिमट्याने काम करते, नाव फुकट गेलं नाही. तिच्या प्रयोगशाळेचं छत दुरुस्तीला काढलंय, म्हणून तिथल्या मोठ्या मॅडमच्या सहीने सगळं सामान आमच्या जेवणाच्या टेबलावर. आम्ही जेवतो मांडीवर ताट घेऊन. माझी तक्रार नाही.

मला बघायला दिलं. दिसलं! गोल, काळसर, कडेने शिंगं. चिमटी म्हणाली, आजी, खरंच दिसतंय? म्हटलं, न दिसायला काय झालं, माझी नजर घारीची आहे.

संकल्प: चिमटीला मदत करायची. कशाला हात लावायचा नाही.

५ जून

आज सगळं समजून घेतलं. त्या जिवाचं नाव चिमटीने मोठ्या अक्षरात लिहून दिलं: डायनोफ्लॅजेलेट. समुद्रातला जीव, डोळ्याला न दिसणारा. दिवस वाईट आले की अंगाभोवती कवच करून तळाशी झोपतो. त्या कवचाला सिस्ट म्हणायचं. दिवस बरे आले की कवचाचा एक तुकडा खिडकीसारखा पाडतो आणि निघून जातो. कवच तिथेच. त्याचा दगड होतो. कोटी कोटी वर्षं. मी म्हटलं, भाडेकरूसुद्धा जाताना खिडकी लावून जातो.

चिमटी दगड ॲसिडमध्ये विरघळवते. गोणीभर दगडातून उरतं नखावर मावेल एवढं. ते काचेच्या पट्टीवर जेलीत ठेवायचं, वर इवलीशी पातळ काच. अशा चौदा काचा. त्यांत हा नवा प्रकार सहाच वेळा सापडला, त्यातले पाच चुरगळलेले. अख्खा एकच, नऊ नंबरच्या काचेवर, भोवती काळ्या शाईचं कडं. ह्याच्या जातभाईंची खिडकी डोक्यावर असते, ह्याची पाठीवर. तेवढ्यावरून हा वेगळा.

ह्या शोधावरचा पेपर मासिकाला धाडलाय. महिनाअखेर स्वीकारला तर चिमटीची नोकरीची जागा दोन वर्षं वाढणार, नाहीतर प्रयोगशाळा बंद तिच्यापुरती. स्वीकारणार. माझी नात आहे.

८ जून

नव्या प्रकाराला नाव द्यायचं असतं. पेपरात दिलंय, पण चिमटी सांगत नाही. नुसती हसते. मी काय कालची आहे? माझंच नाव असणार. लहानाची मोठी कुणी केली?

शेजारणीला सांगून आले. ती म्हणाली, अगंबाई, किड्याला तुझं नाव? म्हटलं, किडा नव्हे, त्याचं रिकामं कवच. तर म्हणते कशी, मग बरोबर आहे.

जळते.

१० जून, दुपारी

हल्लीच्या सुयांना भोकं नीट पाडत नाहीत. अर्धा तास गेला. शेवटी उशीचा अभ्रा तसाच ठेवला, फाटकी उशी थंड लागते.

चिमटी पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरचं काढून बसली. म्हटलं, तुझं काम होऊ दे, मग जाऊ. दोन वर्षं हेच सांगतेय म्हणाली. मोजत बसते पोरगी.

१२ जून, अकरा वाजता

आज खरी मदत केली. चिमटी लायब्ररीत गेलेली. टेबल पुसताना काचांचा डबा उघडला, नुसता धूळ बघायला. नऊ नंबरची काच हाताला खरखरीत लागली. नाकाशी धरली, वास आला. कडेला सगळीकडे नखांचा रंग! बाटलीही तिथेच. चिमटी कधी नखं रंगवत नाही, पण वय आहे, असेल कुणी. सांगेल तेव्हा सांगेल. शेजारी रंग काढायची बाटलीही होती. फडक्याला लावून स्वच्छ पुसली. मधला काळा डागही निघाला. वरची इवलीशी काच जरा घसरली, खाली चिकट चिकट होतं, तेही पुसून घेतलं आणि काच परत बसवली. घट्ट बसली.

फडकं धुऊन वाळत घातलं. चिमटीला सांगणार नाही. केलेलं बोलून दाखवू नये.

१६ जून

पेपराचं उत्तर आलं! आवडला म्हणे. तपासणाऱ्याला एकच फोटो हवाय, खिडकीच्या कडेचा, पाठीकडून, जवळून. त्याच अख्ख्या कवचाचा. दहा दिवसांत. चिमटीने मला उचललं, खरंच उचललं. म्हणाली, आजी, एक फोटो फक्त! उद्या सकाळी काढते.

संकल्प: जागा वाढली की डॉक्टरकडे जायचं. मग नाही म्हणणार नाही.

१७ जून, अकरा वाजता

चिमटी सकाळी सातपासून मायक्रोस्कोपात बघतेय. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार.

दुपारी तीन

चिमटीने विचारलं, आजी, हा डबा कुणी हलवला का? नाही म्हटलं. खरंच आहे. हलवला नव्हता, जागच्या जागीच उघडला होता.

मग ती फडक्यांच्या दोरीकडे बघत उभी राहिली. पोरीला ताजी हवा कमी मिळते.

१९ जून

मॅडम आल्या. मी स्वयंपाकघरात होते, पण कान शाबूत आहेत. मॅडम म्हणाल्या, नवीन जातीचं वर्णन एका नमुन्यावर उभं असतं. तो दाखवता आला नाही तर नाव कशाला द्यायचं? चिमटी म्हणाली, मी काचेची कड नीट बंद केली नव्हती, जेली निसटली असेल, चूक माझी. मॅडम म्हणाल्या, तुझ्यासारखी मुलगी? नखांच्या रंगाचे दोन हात देतेस तू दर काचेला! हवा शिरू नये म्हणून मीच शिकवलंय ना तुला?

डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

मी बटाटा सोलत होते. सोलतच राहिले. शेवटी हातात बटाटा नव्हता.

आता मला काय ठाऊक? नखांचा रंग नखांना लावायचा असतो. बाटलीवर तरी लिहायचं. लिहिलं असेल, पण बारीक लिहितात मेले.

२० जून

ठरवलं. घालवलं ते मीच शोधून देणार. कोटी वर्षं टिकलेलं एका साबणाला थोडंच मरतंय?

२१ जून, सकाळी

चिमटी आंघोळीला गेली. ते फडकं वाटीत भिजवलं, पिळलं, पाणी चहाच्या गाळण्याने गाळलं, खाली राहिलं त्याचा थेंब काचेवर. मायक्रोस्कोपला डोळा लावला.

आणि दिसलं! तेच! गोल, काळसर, कडेने शिंगं. पहिल्या दिवशी होतं अगदी तसं. मी ओरडलेच, चिमटे, सापडलं गं! ती ओल्या केसांनी धावत आली. डोळा लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाली, आजी, ह्याचा दिवा बंद आहे.

म्हटलं, असू दे, मला दिसतंय ना.

तिने पुन्हा बघायला लावलं. दिसलं. मग भिंतीकडे बघ म्हणाली. भिंतीवरही होतं. मग म्हणाली, माझ्याकडे बघ.

तिच्या तोंडावर होतं. नाकाच्या जागी.

चिमटीला पेपराचं रडू आलं नव्हतं, आता आलं. मी म्हटलं, रडतेस काय, सापडलं की.

२४ जून

डॉक्टर. तरुण आहे, हात गार. काय दिसतं विचारलं. म्हटलं, नव्या जातीचं कवच, शिंगं आहेत. तो म्हणाला, आजी, हे बाहेर नाही, डोळ्याच्या पडद्याला आहे. उजवा गेला. डावा आहे तेवढा धरून ठेवू. दोन वर्षं आधी यायला हवं होतं.

मी दोन वर्षं काय सांगत होते, असं तरी चिमटीने म्हणायचं. तेही म्हणाली नाही.

२६ जून

दहा दिवस संपले. चिमटीने पेपर मागे घेतला.

३० जून

सामान परत गेलं. टेबल मोकळं. जेवलो टेबलावर, दोघींनाही आवाज मोठा वाटला ताटांचा.

शेवटी विचारलंच, नाव काय दिलं होतंस गं? म्हणाली, मॅडमचं.

मॅडमचं! म्हणजे पुसलं ते मॅडमचं. मला जरा बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

मग सांगितलं. फडकं माझं होतं. ती म्हणाली, ठाऊक आहे आजी, सतराला दोरीवरून काढून बघितलं होतं, रंगाने कडक झालं होतं. म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, मग तू टेबल कशी पुसतेस ते बघितलं. बोटांनी चाचपत. काचांचा डबा जागेवर आहे की नाही तेसुद्धा बोटांनी.

५ जुलै

चिमटी गेली. दुसऱ्या गावी पाणी तपासायच्या ऑफिसात नोकरी. नळाच्या पाण्यातले जंतू मोजायचे. कामच आहे, वाईट नाही. त्यांना नावं आधीच दिलेली आहेत.

जाताना बारा सुया ओवून टाचणउशीत खोचून गेली. सहा पांढरा दोरा, सहा काळा. पांढरे डावीकडे, आजी. ध्यानात ठेव. संपायच्या आत मी येईन.

अभ्रा शिवायला घेतला. कुठली डावी बाजू, दोऱ्याचा रंग दिसेना; टाचणउशी फिरवली होती मीच, टेबल पुसताना.

संकल्प: काही पुसायचं नाही.